चोवीस व्होल्टचं घर

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. सरकारने २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले. सहा नंबरचा त्रेपन्न झाला, तीन नंबरचे तर तुकडे पडून प्रत्येक तुकड्याला वेगळा नंबर मिळाला. ड्रायव्हर मंडळींनी याची फारशी दखल घेतली नाही; आग्रा रोड तो आग्रा रोडच राहिला. या चौफुलीच्या आसपास, आणि पुढं पारोळा, एरंडोल करत जळगावपर्यंत, ढाबेवाले, पंक्चरवाले आणि पाटेवाले यांच्या ओळीत एक टपरी हमखास दिसते. दारात उघडून ठेवलेले सेल्फ आणि डायनामो, भिंतीवर वायरींची भेंडोळी, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, ॲसिडचा नाकात जाणारा वास. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिक’ असतं, बोलण्यात मात्र ‘वायरमन’.

कॅम्पर व्हॅन म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या हौशी लोकांची गाडी डोळ्यांपुढं येते: आत बिछाना, छोटा फ्रिज, छतावर सोलर. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण गाडीतच झोपणारा, गाडीतच जेवणारा, महिन्यातले बरेच दिवस घराबाहेर काढणारा माणूस खान्देशाला नवा नाही. रावेर-सावद्याची केळी उत्तरेत पोचवणारा ट्रक ड्रायव्हर ट्रकच्या केबिनमध्येच संसार करतो. त्या केबिनमध्ये पंखा लागतो, दिवा लागतो, दोन-तीन मोबाईल चार्ज व्हावे लागतात, देवाच्या फोटोभोवती रंगीत एलईडी लागते आणि गाणी तर लागतातच. कंपनीने गाडी दिली ती माल वाहायला. तिचं घर करून देतो तो वायरमन.

आता मोठ्या ट्रकची वीज चोवीस व्होल्टची असते. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेल्या. बाजारातला बराचसा हौसेचा माल, टेप म्हणा, ॲम्प्लिफायर म्हणा, बारा व्होल्टवर चालणारा. मग कुणीतरी सोपी वाट काढतो: दोनांपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढायची. गाणी सुरू होतात, ड्रायव्हर खूश. इथून खरी भानगड सुरू होते. एक बॅटरी रोज आपल्या वाट्याचं काम करून वर गाण्यांचंही ओझं वाहते, दुसरी नुसतं आपल्या वाट्याचं काम करते. डायनामो मात्र दोघींना मिळून एकच भरणा करतो, त्याला हा भेदभाव कळत नाही. राबणारी कायम उपाशी राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेट चढतं. आरामात असलेली गरजेपेक्षा जास्त भरली जाऊन तिचं पाणी आटतं. काही महिन्यांत दोन्ही जातात, आणि शिव्या बसतात बॅटरी कंपनीला.

चांगला वायरमन अशी गाडी आली की प्रत्येक बॅटरीला वेगळा मीटर लावतो. गाडी रात्रभर उभी असेल तर भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. एक १२.७ आणि दुसरी १२.१ असली की तो विचारतच नाही, सरळ टेपच्या मागे हात घालतो. उपाय माहीत असलेलाच आहे: चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवायचा आणि ओढलेली वायर तोडून टाकायची. बॅटऱ्या बदलायच्या तर जोडीने बदलायच्या, एक नवी एक जुनी असं चालत नाही. हे दुसरं वाक्य मालकाला पटवणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम असावं, असं माझं मत झालं आहे.

‘काय व्हयनं दादा?’ या प्रश्नाला ड्रायव्हरचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, बॅटरी बसली. ती खरोखर बसली आहे का, हे शोधण्यात वायरमनची निम्मी विद्या खर्च होते. टेस्टर म्हणून त्याच्याकडे एक साधा बल्ब असतो, होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला. डिजिटल मीटर जिथं फसवतो तिथं हा बल्ब खरं बोलतो. गंजलेल्या जोडातून मीटरला व्होल्ट पूर्ण दिसतात, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. बल्ब ओढतो, आणि जोड कच्चा असेल तर मंद पेटतो.

आजार ओळखण्याच्या काही खुणा तर न उघडता सांगता येतात. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मिणमिणतो? अर्थिंग गेलं. ट्रकमध्ये परतीची वायर बहुधा नसतेच, चेसिसचं लोखंडच ती जागा घेतं. त्या लोखंडाशी जोडलेला बोल्ट गंजला की ब्रेकच्या दिव्याचा करंट शेजारच्या दिव्यातून उलटी वाट शोधतो. तरीही भोळा माणूस बल्ब बदलत बसतो. बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासायचं, नवं थिंबल दाबायचं, वरून ग्रीस. काम दहा मिनिटांचं. थिंबल दाबायचं म्हणालो ते मुद्दाम. घरातल्या रेडिओला डाग देणं, म्हणजे सोल्डर करणं, चांगलं. धावत्या ट्रकमध्ये डागाच्या कडेला वायर ताठ होते आणि धक्क्यांनी नेमकी तिथंच तुटते.

यात खान्देशचं ऊन आपलं वेगळं काम करतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. सावलीतला पारा तो. बॉनेटखाली आणि डांबरावर उभ्या गाडीखाली काय होत असेल याचा अंदाज करावा. शिशाच्या बॅटरीबद्दल जाणकारांचा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास अर्ध्यावर येतं. म्हणून इथल्या टपरीत उन्हाळ्यात डिस्टिल वॉटरचे कॅन हाताशी असतात. प्लेट उघडी पडली की संपलंच. नळाचं पाणी घालणाऱ्याला वायरमन जे बोलतो ते इथं छापता येणार नाही. सोलरचंही तेच. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे, म्हणजे ऊन भरपूर आहे यात शंका नाही. पण पॅनेल पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज गमावतो. गाडीच्या छतावर चिकटवलेला पॅनेल पासष्ट अंशांना गेला की १६ टक्के तिथंच गेले. खाली हवा खेळायला जागा ठेवून बसवला तर बरं, हे कॅराव्हॅन बांधणाऱ्यांना सांगावं लागतं.

वायरीच्या जाडीचा हिशेब मात्र सगळ्यांना लागू आहे. समजा कॅम्परमध्ये बारा व्होल्टचा १२० वॉटचा काही सरंजाम आहे: करंट दहा अँपिअर. बॅटरी पाच मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. दीड एमएमची वायर घातली तर वाटेतच सव्वा व्होल्ट गळतो, चार एमएम घातली तर अर्ध्या व्होल्टाच्या आत. गळलेला व्होल्ट कुठं जात नाही, वायर तापवतो. घरातली वायर बारीक असली तरी २३० व्होल्टला चालून जाते, म्हणून घरचा इलेक्ट्रिशियन गाडीत आला की फसतो. फ्यूज वायरीच्या ताकदीप्रमाणे आणि बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ. केबिनमधल्या वस्तूजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही, आणि आग लागते ती मध्येच.

आता नव्या गाड्यांनी धंद्याचं गणित बदललं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि इंजिनाच्या अंगभर सेन्सर आले. पूर्वी हव्या त्या वायरीला पिळा घालून वीज घेता येई, आता चुकीच्या वायरीला हात लावला की डॅशबोर्डवर चेक लाईट पेटतो आणि स्कॅनरवाला शोधावा लागतो. जुने उस्ताद यावर नाराज आहेत, त्यांची पोरं मोबाईलवर व्हिडिओ पाहून स्कॅनर शिकतात.

त्यातच १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला. पंचेचाळीस अंशांत गाडी हाकणाऱ्याला हा दिलासा फार आधी मिळायला हवा होता. पण हा एसी इंजिनावर चालतो. ढाब्यावर झोपायचं तर इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरीवरचा पार्किंग एसी वेगळा बसवा. आठशे वॉटचा एसी चोवीस व्होल्टवर तेहेतीस अँपिअर खातो. दीडशे अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या तरी साठा दीडशेच राहतो, तीनशे होत नाही. त्यातला निम्माच वापरायचा म्हटलं तर सव्वादोन तास झोप. सकाळी सेल्फ मारायला ताकद उरली पाहिजे ती वेगळी. म्हणून कॅराव्हॅनवाले करतात तसंच करावं लागतं: झोपेची बॅटरी निराळी, इंजिनाची निराळी, मध्ये आयसोलेटर. झोपेची लिथियमची असेल तर डायनामो थेट जोडायचा नाही. ती जितकं मिळेल तितकं ओढते आणि डायनामो जळतो. मध्ये भरण्यावर लगाम ठेवणारा चार्जर हवा.

जुन्या ट्रकमध्ये हे सगळं बसवून मागणारी गिऱ्हाईकं वायरमनच्या टपरीवर यायला लागली आहेत. त्यातला अनुभवी असेल तो आधी केबिनमधल्या मागच्या मिस्त्र्यांच्या वायरी एकेक ओढून काढतो, फूटभर लांबीचे तुकडे जमिनीवर पडत जातात, आणि मालक विचारतो, ‘अहो, नवीन लावायचं सोडून काढताय काय?’ तो उत्तर देत नाही. काढण्याची मजुरी बिलात वेगळी लावली तर मालक घासाघीस करतो, म्हणून ती एसीच्या फिटिंगमध्येच धरलेली असते.