दोन वर्षांच्या शिक्षणापुढची वाट : नोकरदार तंत्रज्ञांसाठी उपयोजित पदवी

अमेरिकेत शाळा संपल्यावर सगळेच विद्यार्थी विद्यापीठाकडे वळत नाहीत. मोठ्या संख्येने मुले-मुली जवळच्या कम्युनिटी कॉलेजात किंवा टेक्निकल कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यासक्रम करतात. ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. इलिनॉय राज्यातले जॉलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झाले आणि ते देशातले पहिले सार्वजनिक द्विवर्षीय कॉलेज मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली आणि अशा कॉलेजांचे जाळे देशभर पसरले. तिथे मिळणाऱ्या पदवीला असोसिएट डिग्री म्हणतात.

या असोसिएट डिग्रीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात इंग्रजी, गणित, इतिहास, विज्ञान असे सर्वसाधारण विषय असतात आणि ती घेतलेला विद्यार्थी चार वर्षांच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात जाऊ शकतो. दुसरा प्रकार कामाच्या शिक्षणाचा. त्याचे नाव असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स. एक्स-रे तंत्रज्ञ, दातांची निगा राखणारे हायजिनिस्ट, मशिनिस्ट, मोटार दुरुस्ती करणारे, वातानुकूलन यंत्रणा बसवणारे, संगणकाचे जाळे सांभाळणारे असे कितीतरी लोक याच पदवीवर नोकरीला लागतात. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाशी तिचे बरेच साम्य आहे. एक फरक मात्र महत्त्वाचा. महाराष्ट्रात डिप्लोमा झालेल्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची वाट पूर्वीपासून आहे. अमेरिकेतल्या तांत्रिक असोसिएटवाल्याला अशी ठरलेली वाट बराच काळ नव्हती.

अडचण क्रेडिटच्या, म्हणजे झालेला अभ्यास मोजण्याच्या एककाच्या, हिशेबात होती. असोसिएट डिग्री साधारण ६० क्रेडिटची असते आणि बॅचलर पदवी १२० क्रेडिटची. वरवर पाहता निम्मा रस्ता संपलेला दिसतो. पण विद्यापीठे तांत्रिक विषयांची क्रेडिट बऱ्याचदा धरत नसत. वेल्डिंग किंवा रेडिओग्राफीचे दोन वर्षांचे शिक्षण त्यांच्या अभ्यासक्रमात कुठे बसत नाही, म्हणून ते पुष्कळदा बाजूला टाकले जाई. दहा-बारा वर्षे रुग्णालयात काम केलेल्या तंत्रज्ञालाही मग अठरा वर्षांच्या मुलांबरोबर जवळपास पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागे, तीही दिवसाच्या वर्गात. घर, मुले आणि पाळीची नोकरी असलेल्या माणसाला ते जमणे कठीण. इकडे नोकरीत वर चढण्यासाठी, म्हणजे पर्यवेक्षक, विभागप्रमुख किंवा प्रशिक्षक होण्यासाठी, बॅचलर पदवीची अट वाढत चालली होती. या माणसांकडे अनुभव होता, कौशल्य होते, वरिष्ठांचा विश्वासही होता. त्यांना अडवत होता तो कागदोपत्री नियम, आणि तो नियम माणसांनीच केलेला होता.

उपयोजित बॅचलर पदवी या अडवणुकीवर शोधलेला तोडगा आहे. तिला बॅचलर ऑफ अप्लाइड सायन्स असे नाव आहे. टेक्सासमध्ये बॅचलर ऑफ अप्लाइड टेक्नॉलॉजी हेही नाव चालते. तिची खरी करामत अभ्यासाचा क्रम फिरवण्यात आहे. नेहमीच्या पदवीत आधी दोन वर्षे सर्वसाधारण विषय आणि मग दोन वर्षे विशेष विषय असतात. इथे उलटे आहे. तांत्रिक शिक्षण आधीच झालेले आहे, ते पूर्ण धरायचे. त्यावर लेखन, संख्याशास्त्र, सामाजिक शास्त्रे असे राहिलेले विषय आणि त्या क्षेत्रातले वरच्या पातळीचे विषय रचायचे. बार्बरा टाउनसेंड आणि डेब्रा ब्रॅग या अभ्यासक महिलांनी २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या सर्व राज्यांत अशा पदव्या कुठे आणि कशा दिल्या जातात याची पाहणी केली, तेव्हा या उलट्या रचनेची नीट नोंद झाली.

वरच्या दोन वर्षांत काय शिकवायचे याची मुख्यतः दोन उत्तरे आहेत. एक, त्याच विद्येत खोल जायचे. साधा एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ एमआरआय, सीटी स्कॅन, किरणोपचारांतली मात्रा यांच्याकडे जातो. दुसरे, व्यवस्थापनाची शिडी. गॅरेजमधला कुशल कारागीर हिशेब, मनुष्यबळ, कामगार कायदा, प्रकल्पाचे नियोजन शिकतो आणि ते गॅरेज चालवायला लागतो. दुसऱ्या प्रकाराला काही प्राध्यापक नाके मुरडतात, कारण त्यात मूळ विद्या पुढे जात नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण ज्याचे मनगट किंवा पाठ वीस वर्षांच्या अंगमेहनतीने थकली आहे, त्याला त्याच क्षेत्रात राहून खुर्चीवरचे काम मिळणे ही मोठी गोष्ट असते, आणि ज्याने स्वतः हातात पाना धरला आहे असा व्यवस्थापक कामगारांनाही हवाच असतो.

कम्युनिटी कॉलेजांनी स्वतः बॅचलर पदवी देण्याची सुरुवात वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्ग इथून झाली असे सामान्यतः सांगतात. तिथल्या कॉलेजाला १९८९ मध्ये ही परवानगी मिळाली. मोठे पाऊल उचलले फ्लॉरिडाने. २००१ मध्ये तिथल्या सेंट पीटर्सबर्ग ज्युनिअर कॉलेजाला कायद्याने पदवी देण्याचा अधिकार दिला गेला आणि त्याच्या नावातला ‘ज्युनिअर’ हा शब्द गेला. तिथल्याच मायामी डेड कॉलेजानेही २००३ मध्ये नावातला ‘कम्युनिटी’ काढून टाकला. टेक्सासने २००३ मध्ये तीन कॉलेजे निवडली : मेक्सिकोच्या सीमेवरचे साउथ टेक्सास कॉलेज, तेलाच्या पट्ट्यातले मिडलंड आणि मोठ्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारचे ब्राझोस्पोर्ट. ब्राझोस्पोर्टने औद्योगिक व्यवस्थापनाची पदवी सुरू केली, ती त्या परिसराकडे पाहता अगदी साहजिक होती.

सर्वांत विचारपूर्वक आखणी झाली ती वॉशिंग्टन राज्यात. तिथल्या विधिमंडळाने २००५ मध्ये प्रायोगिक योजनेला मंजुरी दिली आणि २००७ मध्ये चार कॉलेजांत वर्ग सुरू झाले. बेलव्ह्यूमध्ये रेडिओलॉजी व प्रतिमाशास्त्र, साउथ सिएटलमध्ये हॉटेल व आतिथ्य व्यवस्थापन, ब्रेमर्टनच्या ऑलिंपिक कॉलेजात नर्सिंग आणि पोर्ट एंजेलिसच्या पेनिन्सुला कॉलेजात उपयोजित व्यवस्थापन. शेवटची दोन गावे नकाशावर पाहण्यासारखी आहेत. ब्रेमर्टनमध्ये नौदलाची मोठी गोदी आहे आणि सिएटलला जायचे तर तासाभराचा फेरीबोटीचा प्रवास करावा लागतो. पोर्ट एंजेलिस त्याहून दूर, कॅनडाच्या समोरच्या सामुद्रधुनीवर, डोंगर आणि पाणी यांच्या मध्ये अडकलेले. तिथे नोकरी आणि कुटुंब असलेल्या माणसाने संध्याकाळच्या वर्गासाठी सिएटलच्या विद्यापीठात जाणे शक्य नव्हते. फी, वेळ आणि अंतर या तीन अडचणींपैकी अंतराची गोष्ट धोरण ठरवणाऱ्यांच्या नजरेतून अनेकदा सुटते. वॉशिंग्टनने ती सोडली नाही, आणि तिथला प्रयोग टिकला. २०१० मध्ये त्याच्यावरचा प्रायोगिक हा शिक्का काढला गेला. आज राज्यातल्या ३४ कम्युनिटी व टेक्निकल कॉलेजांपैकी जवळजवळ सर्वांकडे अशा पदव्या आहेत.

स्थानिक गरज आणि पदवी यांचे नाते इतरत्रही दिसते. मिशिगनने २०१२ मध्ये परवानगी दिली ती मोजक्याच विषयांना : सिमेंट, नौकानयन, ऊर्जानिर्मिती आणि पाककला. ह्युरॉन सरोवराकाठचे अल्पीना हे गाव तर सिमेंटसाठीच प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने पंधरा कॉलेजांत प्रयोग सुरू केला. त्यात विमानाचा सांगाडा बांधण्याचे तंत्र अँटिलोप व्हॅलीत आले, कारण विमाननिर्मितीचे कारखाने त्याच वाळवंटी पट्ट्यात आहेत. औद्योगिक स्वयंचलन बेकर्सफील्डमध्ये, दंतआरोग्य फूटहिलमध्ये, तर घोडे आणि रँच यांचे व्यवस्थापन डोंगराळ भागातल्या फेदर रिव्हरमध्ये. देशातली सुमारे निम्मी राज्ये आज कम्युनिटी कॉलेजांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपात बॅचलर पदवी देऊ देतात. काही राज्यांत हेच काम विद्यापीठे स्वतः करतात. तांत्रिक असोसिएट पूर्ण धरणारे वेगळे अभ्यासक्रम त्यांनी आखले आहेत.

नर्सिंगचा विषय थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण पदवीची अट वाढली की काय होते ते तिथे स्पष्ट दिसते. अमेरिकेत दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेतलेली आणि चार वर्षांची बॅचलर पदवी घेतलेली नर्स एकच परवाना परीक्षा देते आणि दोघींना एकच परवाना मिळतो. २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या प्रतिष्ठित संस्थेने शिफारस केली की २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बॅचलर पदवीधर असाव्यात. मोठी रुग्णालये पदवीधर नर्सेसना पसंती देऊ लागली. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये कायदाच केला की नव्या नर्सने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बॅचलर पदवी पूर्ण करावी. म्हणजे असोसिएट डिग्रीवर नोकरीला लागणाऱ्या अनेक नर्सेसना काम चालू ठेवून शिकणे भाग झाले. ब्रेमर्टनसारख्या ठिकाणी दहा मिनिटांवरच्या कॉलेजात हे शिक्षण मिळणे आणि न मिळणे यात त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा फरक पडतो.

प्रत्यक्ष शिक्षण कसे चालते? वर्ग बहुधा संध्याकाळी किंवा शनिवारी असतात, उरलेला भाग ऑनलाइन. विद्यार्थी साधारण एका तुकडीत प्रवेश घेतात आणि शेवटपर्यंत एकत्र राहतात. थकलेल्या माणसाला अभ्यासात टिकवून धरण्यात या सोबतीचा वाटा मोठा असतो. पूर्ण वेळ शिकल्यास दोन वर्षे, नोकरी सांभाळून थोडे थोडे विषय घेतल्यास तीन-चार. अनुभवालाही मोल मिळू शकते. लष्करात घेतलेल्या प्रशिक्षणाला किती क्रेडिट द्यावीत याच्या शिफारशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन करते, आणि अनेक कॉलेजे उद्योगांतल्या प्रमाणपत्रांना किंवा स्वतःच्या चाचणीतून दाखवलेल्या ज्ञानाला क्रेडिट देतात. शेवटच्या वर्षातला प्रकल्प पुष्कळदा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाच्या जागेवरचाच असतो : रुग्णालयातली रांग कमी करणे, कारखान्यातले बिघाड मोजणे, असे.

खर्चाचा फरक डोळ्यांत भरणारा आहे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत राज्यातल्या रहिवाशाला एका क्रेडिटला ४६ डॉलर पडतात आणि वरच्या वर्षांच्या विषयांना त्यावर आणखी ८४ डॉलर. अशा दराने चार वर्षांच्या पदवीची फी साधारण १०,५०० डॉलर होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची एका वर्षाची फी याहून जास्त आहे. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारचे पेल अनुदान मिळू शकते. नोकरी देणाऱ्या कंपनीने शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिले तर कामगाराला त्यावर आयकर नाही, ही सवलतही अनेक वर्षांची.

या पदव्यांना विरोधही झाला, आणि तो प्रामुख्याने विद्यापीठांकडून. कम्युनिटी कॉलेजांनी आपले मूळ काम सोडून विद्यापीठ बनू नये, एकाच विषयाच्या दोन सरकारी पदव्यांवर पैसा खर्च होऊ नये, हे त्यांचे म्हणणे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये योजना कायमची केली आणि वर्षाला तीसपर्यंत नव्या पदव्यांना वाव दिला, पण राज्यातली विद्यापीठे जे शिकवतात तेच शिकवायचे नाही ही अट ठेवली. या अटीचा अर्थ काय यावरून वाद पेटले. फेदर रिव्हर कॉलेजच्या वणवा व्यवस्थापनाच्या पदवीवर राज्य विद्यापीठाने आक्षेप घेतला. वणव्यांनी होरपळणाऱ्या डोंगराळ भागातले कॉलेज तो विषय शिकवू पाहते तेव्हा शेकडो मैलांवरच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्याच्या आड यावा, हे पटण्यासारखे नाही. नर्सिंगच्या बाबतीतही तेच घडले. काही कम्युनिटी कॉलेजांना नर्सिंगची बॅचलर पदवी देऊ देणारी विधेयके २०२४ मध्ये विधिमंडळात मंजूर झाली, परंतु गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी त्यांवर नकाराधिकार वापरला. वॉशिंग्टनने जे २००७ मध्ये सुरू केले ते कॅलिफोर्नियात सतरा वर्षांनंतरही अडले.

मर्यादा स्पष्टपणे सांगायला हव्यात. उपयोजित पदवी ही अभियांत्रिकीची पदवी नव्हे. व्यावसायिक अभियंत्याचा परवाना हवा असेल तर बहुतेक राज्यांत ती पुरत नाही किंवा वाट फार लांबवते. पदव्युत्तर शिक्षणाला काही विद्यापीठे तिचे स्वागत करतात, काही पूर्वतयारीचे जादा विषय मागतात. कॉलेजाला त्या पातळीची पदवी देण्याची मान्यता असावी लागते आणि प्राध्यापकांची पात्रता, ग्रंथालय, विद्यार्थ्यांना मिळणारी मदत यांची तपासणी होते. तरीही जुन्या विद्यापीठाच्या नावाचे वजन नव्या पदवीला लगेच येत नाही. शिवाय ज्या पदवीची मागणी एकाच गावातल्या एकाच उद्योगावर उभी आहे, तिचे भवितव्यही त्या उद्योगाशी बांधलेले असते.

भारतातही या दिशेने हालचाल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने बी.व्होक. ही व्यवसायशिक्षणाची पदवी आणली. नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांना सोयीच्या वेळी अभियांत्रिकीचे वर्ग चालवण्याची तरतूद अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अलीकडे केली आहे. महाराष्ट्रातल्या औद्योगिक पट्ट्यांत डिप्लोमावर काम करणारी तरुण मंडळी मोठ्या संख्येने आहेत, आणि थेट दुसऱ्या वर्षाची वाट असली तरी दिवसाच्या वर्गांसाठी नोकरी सोडणे त्यांना परवडत नाही. अशा पदवीचा विचार करणाऱ्याने, इथे असो वा अमेरिकेत, फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : संस्थेची मान्यता कुणाची आहे, आधीच्या शिक्षणातली किती क्रेडिट पूर्ण धरली जातील, आणि ही पदवी पुढच्या परवान्याला किंवा पदव्युत्तर प्रवेशाला चालते का.