तेजा आला, मोना आली, पटकथा राहिली

प्रकाश मेहरांच्या ‘जंजीर’ची (१९७३) सुरुवात दिवाळीच्या रात्री होते. बाहेर फटाके, घरात गोळ्या. कपाटात लपलेल्या पोराला खुन्याचा चेहरा दिसत नाही. दिसते ती त्याच्या मनगटावरची साखळी आणि तिला लटकणारा पांढरा घोडा. हा पोरगा पुढे इन्स्पेक्टर विजय होतो आणि तो घोडा रात्री-अपरात्री त्याची झोप मोडत राहतो. नायकाचा राग कुठून येतो, हे सलीम-जावेदनी असं पहिल्याच झटक्यात पक्कं करून टाकलं. त्यामुळे पोलीस ठाण्यात शेरखान बसायच्या आत विजय खुर्ची लाथेनं उडवतो, तेव्हा तो उगाच तडकला असं कुणालाही वाटत नाही.

२०१३ साली अपूर्व लाखियांनी हाच सिनेमा पुन्हा काढला. विजय झाले तेलुगूतले राम चरण, माला प्रियांका चोप्रा, शेरखान संजय दत्त, तेजा प्रकाश राज, मोना माही गिल. लाथ आहे, खुर्ची आहे. पण तोवर या विजयनं इतक्या जणांना लोळवलेलं असतं, की त्यात आणखी एका खुर्चीची भर पडते, एवढंच.

जुन्या ‘जंजीर’ची खरी करामत मारामारीत नव्हतीच. विषारी दारूनं तीन मुलगे गमावलेला डिसिल्वा आठवा. ओमप्रकाशनं रंगवलेला हा म्हातारा नाव न सांगता पोलिसांना फोनवर खबर देतो, कारण तो घाबरलेला आहे. पुढे लाचखोरीच्या खोट्या आरोपात विजय तुरुंगात जाऊन येतो आणि माला त्याच्याकडून वचन घेते, की आता हा नाद सोडायचा. तो सोडतोही, पण आतून कुढत राहतो. त्याची ती अवस्था न बघवून शेवटी मालाच त्याला वचनातून मोकळं करते. रस्त्यावर सुऱ्यांना धार लावत फिरणारी पोरगी घर मांडायचं स्वप्न स्वतःच्या हातानं बाजूला ठेवते. या चित्रपटात नायकाच्या तोंडी एकही गाणं नाही. खिडकीतून ऐकू येणारं प्रेमगीत खाली रस्त्यावर पेटी घेऊन म्हणतात गुलशन बावरा, म्हणजे खुद्द गीतकारच!

नव्या चित्रपटात माला न्यूयॉर्कहून लग्नाला आलेली अनिवासी भारतीय आहे. खून बघते, घाबरते, विजयच्या घरी आसरा घेते, आणि मध्येच ‘पिंकी’ म्हणत नाचते. तिच्याकडे सोडण्यासारखं काही नाही, मग वचन कसलं नि त्यातून मोकळं करणं कसलं!

हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या पटकथेला विषय मिळाला होता तो अस्सल आणि आपल्या अंगणातला. दारूच्या जागी इथे तेलमाफिया आहे. जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं, त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांचा खून झाला. या दोन्हींची सावली कथेवर उघड आहे. डिसिल्वाच्या जागी पत्रकार आला, भूमिका अतुल कुलकर्णींसारख्या कसदार नटाकडे गेली. पण लोकांनी वर्तमानपत्रात वाचून हादरावं असं जे घडलं होतं, ते पडद्यावर दोन गाण्यांच्या मधली जागा भरायला वापरलं गेलं.

जुन्याला हातच लावू नये, असं माझं म्हणणं नाही. फरहान अख्तरनी ‘डॉन’ (२००६) काढताना वडिलांच्या पटकथेचा शेवटच उलटा करून टाकला. शाहरुखचा डॉन अमिताभच्या जवळपास जात नाही हे मान्य, पण जुना सिनेमा पाठ असलेल्या माणसालाही तो शेवट चकवतो. करण मल्होत्रांच्या ‘अग्निपथ’मध्ये (२०१२) मूळ चित्रपटात नसलेला रौफ लाला आला आणि ऋषी कपूरनी तो असा उभा केला, की कांचाइतकीच त्याचीही भीती वाटावी. त्यात अजय-अतुल यांनी स्वतःचीच ‘कोंबडी पळाली’ची चाल ‘चिकनी चमेली’ला दिली. ती आपल्याकडे जास्त रंगली होती, हे माझं मत पक्षपाती समजा हवं तर. रामगोपाल वर्मांच्या ‘आग’बद्दल (२००७) जास्त लिहीत नाही. ‘शोले’चे हक्क डावलल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये दहा लाखांचा दंड ठोकला, प्रेक्षकांनी शिक्षा आधीच दिली होती.

‘जंजीर’च्या पोस्टरवर आपलं नाव नाही म्हणून सलीम-जावेदनी रंगाऱ्याला पैसे देऊन ते मुंबईभर रंगवून घेतलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. चाळीस वर्षांनी, जोडी फुटून जमाना उलटल्यावर, याच पटकथेच्या हक्कासाठी दोघं पुन्हा एकत्र आले आणि न्यायालयात गेले. मागणी रास्तच होती. फक्त तयार झालेला सिनेमा पुरावा म्हणून दाखवायची वेळ आली असती, तर त्यात यांचं नेमकं काय उरलंय हे दाखवताना वकिलाला घाम फुटला असता.