भरतपूरचा मातीचा तट

दगडी तटावर तोफेचा जड गोळा आदळला म्हणजे चिरे फुटतात, सांधे सुटतात, आणि त्याच जागीं भडिमार चालूं ठेवला तर अखेर खिंडार पडतें. मातीच्या जाड तटाची गोष्ट निराळी. तेथें गोळा आंत रुतून बसतो, थोडी माती ढासळते. रात्रीं रक्षक त्या जागीं माती आणि लांकडें लोटतात, आणि सकाळीं गोलंदाजांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. जाट राजा सूरजमल यानें आग्र्याच्या पश्चिमेस वसविलेल्या भरतपुराचें बळ या साध्या गोष्टींत होतें. भोंवतीं मातीचा प्रचंड तट, त्याबाहेर रुंद खंदक, आणि जवळच मोती झील नांवाचें तळें. प्रसंग पडल्यास तळ्याचा बांध फोडून खंदक भरून घ्यावा, अशी योजना होती.

इ. स. १८०४ च्या अखेरीस यशवंतराव होळकर दिल्लीचा वेढा उठवून माघारा आले, तेव्हां भरतपूरचे महाराज रणजितसिंह यांनीं त्यांना आश्रय दिला. (पंजाबचे रणजितसिंह ते हे नव्हेत.) आदल्याच वर्षीं महाराजांनीं कंपनीशीं तह केला होता, तरीही नोव्हेंबरांत डीगच्या लढाईंत त्यांच्या किल्ल्यावरील तोफा इंग्रजांवर चालल्या. डिसेंबरांत डीग पडलें, आणि १८०५ च्या जानेवारींत लॉर्ड लेक भरतपुरापुढें येऊन ठाकला.

लेक हा शूर होता, पण उतावळा. १८०३ सालीं अलीगडचा किल्ला त्यानें एका सकाळींत हल्ला करून घेतला होता. तोच प्रयोग येथेंही साधेल असें त्यास वाटलें असावें. जवळ अवजड तोफा मोजक्या, आणि सुरुंगाचें काम जाणणारे लोक त्याहून थोडे. ९ जानेवारीच्या रात्रीं पहिला हल्ला झाला. अंधारांत तुकड्या वाट चुकल्या आणि खंदकाच्या पाण्यांत अडकल्या. त्याच महिन्यांत दुसऱ्या वेळीं बरोबर पूल नेला, तर तो खंदकास अपुरा पडला! फेब्रुवारींत मुंबईची फौज येऊन मिळाल्यावर २० आणि २१ तारखांस लागोपाठ दोन हल्ले झाले. शिपायांनीं संगिनी तटांत रोवून त्यांच्या आधारानें चढण्याचा प्रयत्न केला. वरून ओंडके आणि जळते पदार्थ कोसळत होते. चार हल्ल्यांत तीन हजारांवर माणसें मेलीं वा जायबंदी झालीं. त्यांत पुष्कळसे हिंदी शिपाई होते, हें विसरूं नये. शहर पडलें नाहीं. एप्रिलांत तह झाला. महाराजांनीं वीस लाख रुपये देण्याचें कबूल केलें आणि होळकरांचा पक्ष सोडला. किल्ला मात्र त्यांच्याच हातीं राहिला.

पुढें वीस वर्षें इंग्रजांना हा पराभव सलत राहिला. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, तरी भरतपूर अजिंक्य आहे ही समजूत लोकांत कायम होती. १८२५ सालीं अल्पवयी बळवंतसिंहाची गादी त्याचा चुलतभाऊ दुर्जनसाल यानें बळकावली, आणि कंपनीस निमित्त मिळालें.

या खेपेस सेनापति लॉर्ड कोंबरमीअर पूर्ण तयारीनें आला. शंभराहून अधिक अवजड तोफा त्याच्यापाशीं होत्या. पण खरा डाव पहिल्याच दिवशीं साधला गेला. १० डिसेंबरला त्याच्या सैन्यानें मोती झीलचा बांध गांठला आणि फोडलेली वाट बुजविली. खंदक भरलाच नाहीं. कोरड्या खंदकांतून तटाखालीं सुरुंग खणतां आले. मातीचा तट वरून तोफांना दाद देत नव्हता, पण बुडाशीं पोखरण्यास तीच माती सोयीची होती. १८ जानेवारी १८२६ रोजीं सकाळीं दहा हजार पौंड दारूचा सुरुंग उडाला. बुरूज उधळला, त्याचे ढेकळे इंग्रजांच्याच कांहीं शिपायांवर कोसळले, आणि धुराळ्यांतून हल्ला आंत शिरला. कुंभीर म्हणजे मगर खंदकाचें पाणी पिईल तेव्हांच भरतपूर पडेल, असें भाकीत होतें म्हणे. लोकांनीं तें कोंबरमीअरच्या नांवाशीं जुळवून घेतलें. बांधाची हकीकत मात्र त्या मानानें कोणी सांगत नाहीं.

पळून जाणारा दुर्जनसाल घोडेस्वारांच्या हातीं लागला, मुख्य बुरूज सुरुंगांनीं उडविण्यांत आले आणि बळवंतसिंह गादीवर बसला. ज्या मुलाच्या हक्कासाठीं हें युद्ध केलें असें सांगितलें गेलें, त्याच्याच राज्याचा खजिना विजयी सैन्यांत लूट म्हणून वांटला गेला.