पिशवीतल्या गोळ्यांचा हिशेब

डोंगरीच्या एका मावशी चक्कर येऊन पडल्या, म्हणून आमच्या रुग्णालयात दाखल झाल्या. वय ७८, वजन ४८ किलो. मुलाने सांगितलेल्या यादीत सहा औषधे होती. वॉर्डातला फार्मासिस्ट म्हणून मी त्याला म्हणालो, "यादी राहू दे. घरात जेवढ्या गोळ्या आहेत, तेवढ्या पिशवीत भरून आण." भाईंदरच्या बसने संध्याकाळी पिशवी आली. तीत अकरा औषधे निघाली.

त्यांतल्या तीन गोळ्यांची एक साखळीच होती. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू होते. त्याने काहींच्या घोट्यांना सूज येते, तशी ती मावशींनाही आली. दुसऱ्या डॉक्टरांनी सूज पाहून लघवी वाढवणारी गोळी दिली. त्या गोळीने रात्री चार वेळा उठावे लागू लागले, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. तिसऱ्यांनी चक्करेवर प्रोक्लोरपेराझिन दिले. त्याने म्हाताऱ्या माणसांचे हात कापू लागतात, चाल अडखळते. आणखी थोडे दिवस गेले असते, तर त्या कापण्यावर चौथी गोळी आली असती. १९९७ साली पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नेमक्या अशा साखळीचे वर्णन केले होते. तिघाही डॉक्टरांनी समोरच्या तक्रारीवर औषध दिले होते, पण अकराही गोळ्या एकत्र कोणीच पाहिल्या नव्हत्या.

औषध-आढावा म्हणजे हे एकत्र पाहणे. प्रत्येक गोळीला मी चार प्रश्न विचारतो: ही कशासाठी आहे? ते कारण अजून आहे का? दुसरीशी भांडते का? या वयाच्या मूत्रपिंडांना हा डोस झेपेल का? मावशींचे क्रिएटिनिन १.१ होते, म्हणजे अहवालावर जवळपास 'नॉर्मल'. पण १९७६ पासून वापरात असलेल्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात वय आणि वजन घातले, की मूत्रपिंडांची क्षमता मिनिटाला सुमारे ३२ मिलिलिटर येते. तोच आकडा साठ किलो वजनाच्या पंचविशीतल्या मुलीचा असता, तर उत्तर ७४ आले असते. अशा मूत्रपिंडांवर गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅकचा मारा चालला होता. शिवाय मधुमेहाची एकच ग्लिमेपिराइड दोन कंपन्यांच्या नावांनी पोटात जात होती.

निर्णय डॉक्टरांचाच असतो. फार्मासिस्ट टिपण लिहून त्यांच्यापुढे ठेवतो. डॉक्टरांनी तीन औषधे बंद केली, दोन बदलली. अकराची आठ झाली. मात्र गोळ्या कमी करणे हेच यातले उद्दिष्ट नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टॉप-स्टार्ट' निकषांत टाळायच्या औषधांच्या यादीसोबत, वृद्धांना हवी असूनही दिली न गेलेल्या औषधांचीही यादी आहे. आढाव्याने चमत्कार होतात असेही नाही. कॉक्रेनच्या २०२३ च्या समीक्षेनुसार त्याने पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण बहुधा घटते. मृत्यूंच्या संख्येत मात्र फारसा फरक दिसत नाही. पण ज्यांचा वॉर्डापर्यंतचा रस्ता लांबचा आहे, त्यांच्या दृष्टीने एक फेरी वाचणेही थोडे नाही.

तीन आठवड्यांनी मी मुर्धा, राई, मोर्वा ओलांडून डोंगरीला गेलो. मावशींची चाल सुधारली होती. पण पिशवीत लघवीच्या गोळीची नवी पट्टी होती! जुनी चिठ्ठी दाखवल्यावर दुकानातून ती बिनबोभाट मिळाली होती.

मला त्या दुकानदाराला बोल लावता येईना. रुग्णालयात येण्यापूर्वी दहा वर्षे मीही काउंटरवर होतो. चिठ्ठी घ्यायची, पट्टी कापायची, सुटे पैसे द्यायचे. आपल्याकडच्या २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीनुसार, औषध देण्यापूर्वी दुहेरी औषधे, चुकीचे डोस आणि औषधांचे परस्परविरोध तपासणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे. त्या दहा वर्षांत कोणाही आजीला "आणखी काय घेता?" असे मी विचारल्याचे आठवत नाही.

मावशींची जुनी चिठ्ठी मी त्यांच्यादेखत फाडली. नवी यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिली; प्रत्येक गोळीपुढे तिचे कारण, आणि खाली बंद केलेल्या औषधांची नावे. एक प्रत पिशवीत ठेवली. दुसरी घेऊन मुलगा आणि मी त्या दुकानाकडे निघालो.