स्नॅच ब्लॉक : कड उघडणारी कप्पी

शिडाच्या बोटीवर दोराची दिशा बदलायची तर कप्पी, म्हणजेच ब्लॉक, हवा. साध्या कप्पीत दोराचे टोक ओवावे लागते. पण एक टोक शिडाला बांधलेले आणि दुसरे विंचवर गुंडाळलेले असेल, तर ओवणार काय? अशा वेळी स्नॅच ब्लॉक कामाला येतो. त्याची एक कड बिजागरीवरच्या दारासारखी उघडते. दोर किंचित सैल करून त्याचा मधलाच भाग चाकावर बसवायचा, कड मिटून खटका लावायचा, की काम झाले. शिडाचा दोर वेगळ्या कोनातून ओढायला किंवा नांगराचा दोर विंचकडे वळवायला तो फार सोयीचा.

खरी गंमत मात्र बलाच्या गणितात आहे. समजा, दोरात 200 किलोचा ताण आहे. दोर कप्पीवरून पूर्ण उलटा फिरला, तर दोन्ही बाजूंचा ताण कप्पीवर येतो, म्हणजे 400 किलो. काटकोनात वळला तर सुमारे 283 किलो. दिशा 30 अंशांनीच बदलली तर भार जेमतेम 104 किलो. म्हणून कप्पी निवडताना नुसता दोराचा ताण पाहणे धोक्याचे. वळणाचा कोनही पाहायलाच हवा. कप्पी डेकला जोडणाऱ्या शॅकललाही तोच भार पेलावा लागतो.

आणि एक कळकळीची विनंती : ताणलेल्या दोराच्या वळणाच्या आतल्या बाजूला कधीही उभे राहू नका. शॅकल तुटला, तर कप्पी तिथेच झेपावते.