शाळेतला ‘ळ’

दहावीचा निकाल लागला, की आपल्या भागात पेढेवाले आणि फ्लेक्स छापणारे असे दोघेही रात्री उशिरापर्यंत जागे असतात. चौकाचौकांत मुलांचे पासपोर्ट फोटो मोठे होऊन झळकतात. कुणाखाली टक्केवारी, कुणाखाली ६२५ पैकी मिळालेले गुण. पतसंस्था दप्तर देते, युवक मंडळ गुलाबपुष्प देते, पाहुणे तासभर उशिरा येतात. हे सगळे व्हावेच. वर्षभर पहाटेचे जादा तास केलेल्या मुलांना तेवढे कौतुक हवे. मात्र या फ्लेक्सवर एक आकडा कधीच दिसत नाही, तो म्हणजे घराबाहेरच्या भाषेत मिळवलेले गुण.

कर्नाटकात एसएसएलसीला पहिल्या भाषेचा पेपर १२५ गुणांचा धरण्याची पद्धत गेली कित्येक वर्षे आहे. बाकीचे विषय शंभराचे. त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाचा जोर मराठीवर, गणितावर आणि विज्ञानावर. कन्नड ‘निघून जावी’ एवढीच अपेक्षा. महाराष्ट्रात सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाचांची टक्केवारी धरतात. म्हणजे जत किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड माध्यमातल्या मुलीला मराठीत बेताचे गुण पडले, तर ते टक्केवारीतून अलगद गळतात. पास झाली म्हणजे झाले! गणिताचे गुण कापले गेले असते, तर घरात दोन दिवस चूल पेटली नसती.

वर्गात मात्र सगळी गंमत आणि सगळी झटापट याच तासाला असते. मराठी घरातले मूल कन्नड लिहायला बसते, तेव्हा पहिली अडचण ‘ए’ची येते. मराठीत ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ असा भेद नाही. कन्नडमध्ये आहे, आणि त्यासाठी दोन वेगळी अक्षरे आहेत. ऱ्हस्व उच्चारले तर ‘बेळे’ म्हणजे पीक, लांबवले तर ‘बेळे’ म्हणजे डाळ. देवनागरीत लिहिले की दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे निबंधात पावसाने शेतकऱ्याचे पीक जायचे ते डाळ जाते, आणि सरांसकट सारा वर्ग हसतो. कन्नड घरातल्या मुलाची फजिती मराठीच्या तासाला होते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. मग खुर्ची ‘ती’ का आणि पलंग ‘तो’ का, या प्रश्नाला कोणत्या बाईंनी काय उत्तर द्यावे? ‘खुर्ची मोडला’ हे वाक्य म्हणूनच येते. ‘मी भाकरी खाल्लो’ हेही तसेच. मात्र हे आपल्याकडची अस्सल मराठी घरेही बिनदिक्कत म्हणतात, तेव्हा त्याबद्दल त्या पोराचे गुण कापताना बाईंनी थोडा हात आखडता घ्यावा, असे मला वाटते.

शाळा सुटल्यावर याच तासाचा उपयोग घरी होतो. बेळगाव भागातल्या मराठी शेतकऱ्याच्या जमिनीची पहणी कन्नडमध्ये असते. हेस्कॉमचे वीजबिल, बँकेची नोटीस, पंचायतीचे पत्र यांचेही तसेच. आजोबा चष्मा पुसतात आणि कागद नातीपुढे सरकवतात. सीमेच्या त्या बाजूला कन्नड घरात सातबारा येतो, आणि तोही दहावीतलेच पोर वाचून दाखवते. वारसाचे नाव लागले की नाही, बोजा उतरला की नाही, हे घराला त्याच्या तोंडून कळते. ‘निघून जावी’ म्हटलेली भाषा इथे सगळ्यांत आधी लागते.

दोन्ही सरकारांनी कायदे केले. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी. वेळापत्रकात तास आला. पालकांच्या मनातली भीती त्यामुळे गेलेली नाही. “दोन भाषांच्या नादात आपली भाषा कच्ची राहील हो,” असे पालकसभेत दोन्हीकडचे आई-बाप सारख्याच काळजीने म्हणतात.

ही भीती खरी आहे का, हे पाहायला आपल्यापासून लांब जावे. होळकरांच्या राज्यामुळे मराठी घरे माळव्यात स्थिरावली. इंदूर जिल्ह्यातले हातोद हे तिकडचेच तालुक्याचे ठिकाण. तिथल्या मराठी घरातले मूल सरकारी शाळेत हिंदीतून शिकते. लिपी देवनागरीच, त्यामुळे वरवर पाहता त्याला आपल्या मुलांपेक्षा कितीतरी सोपे. नवे अक्षर गिरवायला नको, ‘बेळे’ची भानगड नाही. पण हिंदीच्या पुस्तकात ‘ळ’ हे अक्षर नाही. बाळ, फळा, आभाळ, खुद्द ‘शाळा’ हा शब्दसुद्धा त्या मुलाला शाळेच्या पुस्तकात भेटत नाही. घरात कुणी मराठी वाचायला बसवले तरच भेटतो. दोन्ही भाषा एकाच लिपीत, शब्दही बरेचसे जवळचे. त्यामुळे एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, याचा पत्ता पोराला लागत नाही. मराठी झिजली तरी निकालपत्रात त्याची कुठे नोंद होत नाही.

आपल्याकडे मुलाला कन्नडच्या तासाला वेगळी लिपी समोर दिसते. आता आपण दुसऱ्या घरात आलो, हे त्याला पहिल्या ओळीलाच कळते. आणि ‘ळ’ तर त्या घरात भरलेला आहे. पावसाने पीक गेले, हे कन्नडमध्ये ‘मळेयिंद बेळे हाळायितु’. शब्द तीन आणि ‘ळ’ही तीन!

अशा लेखात द. रा. बेंद्रे यायचेच, म्हणून थोडक्यात. घरची भाषा मराठी, लिहिले मुख्यतः कन्नडमध्ये, १९७३ चे ज्ञानपीठ ‘नाकु तंति’साठी. मला त्यांच्याबद्दल विशेष वाटते ते हे, की त्यांनी धारवाडच्या व्हिक्टोरिया हायस्कूलमध्ये मास्तरकी केली होती. अशा मास्तरांपुढे ‘खुर्ची मोडला’ म्हणणारा विद्यार्थी किती निर्धास्त बसला असता!

सत्काराची यादी करणाऱ्या मंडळांना यंदा एक विनंती. गुणपत्रिकेची झेरॉक्स तुम्ही मागवताच. मराठी घरातल्या कोणत्या मुलाला कन्नडमध्ये सर्वाधिक गुण मिळाले, कन्नड घरातल्या कोणत्या मुलीला मराठीत, एवढे त्यातून काढा आणि त्या दोघांची नावे व्यासपीठावरून वाचा. पाहुणे तासभर उशिरा येणारच आहेत, तेवढ्यात होईल.