साध्या रंगाच्या बोआत लपलेला अल्बिनो

नगरकरांनो, आधी एक खुलासा. आपल्या जिल्ह्यातल्या कोरड्या माळरानावरचं मांडूळ बोआचंच भाऊबंद, पण ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. ते पाळणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. ही पोस्ट अमेरिकेतल्या बोआ कन्स्ट्रिक्टरबद्दल आहे.

अल्बिनो बोआचं जनुक अप्रभावी असतं. आई-बाप दोघांकडून एकेक प्रत मिळाली तरच पिल्लू पिवळं-केशरी होतं. एकच प्रत असेल तर ते दिसायला साधं, पण जनुक वाहणारं. शौकीन अशाला ‘हेट’ म्हणतात. दोन हेट बोआंच्या साध्या दिसणाऱ्या प्रत्येक पिल्लात जनुक असण्याची शक्यता तीनात दोन. जाहिरातीतलं ‘६६ टक्के हेट’ ते हेच!

मग नुसतं पाहून हेट ओळखता येतो का? बॉल पायथन या अजगरात थोडंफार जमतं. पायबाल्ड, म्हणजे पांढऱ्या डागांचं, जनुक वाहणाऱ्या कित्येकांच्या पोटाच्या कडेला शेपटीकडे दोन गडद रेघा दिसतात. पण त्या साध्या सापातही सापडतात, म्हणून तो इशाराच, पुरावा नव्हे. अल्बिनो हेट बोआ मात्र इतर बोआंसारखाच दिसतो. ‘रंग जरा उजळ आहे, हेटच असणार’ या बोलण्यावर मी तरी एक रुपयाही जास्त देणार नाही. आई-बाप पाहा.

गंमत म्हणजे ‘काल’ (Kahl) आणि ‘शार्प’ (Sharp) या अल्बिनो बोआंच्या दोन वेगळ्या वंशरेषा, जनुकंही वेगळी. त्यांची जोडी लावली, तर आई-बाप दोघेही अल्बिनो असून पिल्लं साधी!

आणि हो, बोआ ‘साइट्स’ (CITES) या आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या यादीत आहे. तो पाळायचा तर २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.